जिप्सी किंगला जुन्या ४१०चा ट्रान्सफर केस: बसतो का, आणि बसवावा का?

घाटवेडा (सातारा)

राम राम मंडळी.

गाडी मारुती जिप्सी किंग, २००४ची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली). आठवडाभर घर ते एमआयडीसी आणि सुट्टीला परळी खोऱ्यात शेतावर. उरमोडी धरणाच्या वरच्या अंगाला शेवटचा टप्पा रस्ता म्हणावा असा नाहीच, तांबड्या मातीचा चढ आहे. जून लागला की तिथं ट्रॅक्टरसुद्धा तिरका होतो.

मागच्या दिवाळीत २०५/७० काढून २३५/७५ आर १५ टायर टाकले. गाडी उंच झाली, दगडाला पोट घासायचं थांबलं, पण ओढ गेली. यवतेश्वर घाटात जिथं तिसरा चालायचा तिथं आता दुसरा टाकावा लागतो. पाचवा गिअर नावाला उरलाय. ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ओढ पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरबॉक्समागचा डबा, लोला टाकून शेताचा चढ चढताना क्लचचा वास येतो. त्यात भर म्हणजे लोमध्ये उतरताना एक्सलेटर सोडला की लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो. उतारावर हे झालं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आमच्या मिस्त्रींचं म्हणणं, ट्रान्सफर गेला, दुसरा घाला. सांगलीकडं एकाजवळ १९८९च्या ४१०चा (किंगच्या आधीची, लहान इंजिनाची जिप्सी) अख्खा केस पडलाय अशी खबर आहे. मोठ्या टायरला ४१०चाच केस बरा, असंही एकानं सांगितलं. तो किंगच्या चेसिसला जसाच्या तसा बसतो का? शाफ्ट बदलावे लागतात का? मीटरचं काय होतं? आणि हायवेला गाडी बोंबलत पळेल का?

कृष्णाकाठ (सांगली)

बसतो. पण केस कुणाकडं आहे ते व्यनि (खासगी निरोप) करा, मग सांगतो १९८९ किती खरं ते.

डांबरप्रेमी (पुणे)

एवढा खटाटोप करण्यापेक्षा थार घ्या ना राव.

घाटवेडा (सातारा)

हप्ते तुम्ही भरणार असाल तर आजच बुकिंग करतो.

गिअरकटर (कुपवाड)

घाटवेडा, आधी गणित, मग पाना.

जिप्सीचा ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. गिअरबॉक्समधून एक आखूड शाफ्ट मागं येतो, वेगळ्या टांगलेल्या केसमध्ये शिरतो आणि तिथून एक शाफ्ट पुढच्या ॲक्सलच्या हाऊसिंगला, एक मागच्या. त्यामुळं ही अदलाबदल या गाडीत जमण्यासारखी आहे. ज्या गाड्यांत केस थेट गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्ट केलेला असतो तिथं स्प्लाइन (शाफ्टवरचे खाचेदार दात), अडॅप्टर, लांबी, सगळंच आडवं येतं.

दुसरी गोष्ट पुष्कळ मिस्त्रीसुद्धा लक्षात घेत नाहीत. जुन्या महिंद्रा जीपमध्ये हाय म्हणजे सरळ एकास एक, आणि लो २.४६. तिथं हायमध्ये गाडीच्या वेगाशी केसचं देणंघेणं नाही. जिप्सीत हायलासुद्धा रिडक्शन आहे, म्हणजे फेऱ्या कमी करून ओढ वाढवली जाते. ४१०च्या केसमध्ये हाय १.५८ आणि लो २.५११. किंगच्या केसमध्ये हाय १.४०९ आणि लो २.२६८. म्हणजे ४१०चा घातलात तर हायमध्ये सुमारे १२ टक्के आणि लोमध्ये ११ टक्के जास्त ओढ. पण ती फक्त चिखलात नाही, पोवई नाक्यावरच्या सिग्नललासुद्धा. हा केस बदलणं म्हणजे गाडीचे सगळे गिअर एकदम बदलणं.

असं का, तर १९८५च्या डिसेंबरात ही गाडी आली तेव्हा ९७० सीसीचं, ४५ बीएचपीचं इंजिन आणि चार गिअर. तेवढ्या इंजिनाला चढ चढवायचा तर खालून मदत लागणारच. १९९६मध्ये किंग आली, १.३ लिटर आणि पाच गिअर घेऊन. २०००मध्ये एमपीएफआय होऊन ८० बीएचपी झाले. इंजिन मोठं झालं, रिडक्शन कमी केलं. कंपनीनं हिशेब बरोबर केला होता, तुम्ही टायर बदलून तो मोडलात.

२०५/७० आर १५चा व्यास ६६८ मिमी. २३५/७५ आर १५चा ७३३. जवळपास १० टक्के मोठा. म्हणजे तुमची गाडी आज प्रत्येक गिअरला १० टक्के जड आहे. ४१०चा हाय १२ टक्के परत देतो. गाडी मूळची होती तशी होईल, ओढ जरा जास्तच. टायर मूळ मापाचे असते तर मी तुम्हाला नको म्हटलं असतं.

लिव्हर उडतो त्याचा रेशोशी काडीचा संबंध नाही. ती वेगळी तक्रार आहे, तिची कारणं वेगळी शोधा.

विलीजतात्या (खटाव)

गिअरकटरताईंनी बराबर सांगितलंय. मी लिव्हरचं बोलतो.

माउंटिंगची रबरं बघितली का? तीन पायांवर टांगलेला आसतोय त्यो. रबर फाटलं की चढाला केस एकीकडं वळतो, एक्सलेटर सोडला की दुसरीकडं. लिव्हर बॉडीच्या भोकाला आडतो आन् आपसूक भायेर येतो. मिस्त्री म्हणणार ट्रान्सफर गेला. आरं गेला न्हाई, लोंबलाय. गाडीखाली झोपा, पहार लावा आन् केस हलवून बघा. बोटभर हलला तर रबर. रबर धड आसंल तर मग लिव्हरची गोळी-स्प्रिंग, मग फोर्क, आन् सगळ्यात शेवटी दातं.

आन् साल इचारून पार्ट आणू नगा. आमच्या विलीजच्या ट्रान्सफरमधी मधल्या शाफ्टची जाडीच तीन तऱ्हंची, पाऊण इंची, १ १/८ इंची आन् सव्वा इंची. साल सांगून आणला की हमखास दुसराच निघायचा. मग पुन्यांदा यस्टी धरा. शेवटाला मी शाफ्टच पिशवीत घिऊन हिंडायचो.

प्रीतिसंगम (कराड)

मी नको म्हणणाऱ्यांतला. मित्राच्या किंगला हा प्रयोग केलेला आहे आणि ती गाडी मी कराड ते पुणे चालवली आहे. मूळ टायरवर होती, हे आधीच सांगतो. जिथं इंजिन ३००० फेऱ्यांवर निवांत असायचं तिथं ३३६० होतात. कागदावर काही वाटत नाही. खंबाटकी ओलांडून शिरवळपर्यंत जा, कान सांगतील. जिप्सीचा ट्रान्सफर मुळात गाणारा, त्यात त्याचा सूर आणखी चढतो. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडून.

शिवाय ओढ वाढली म्हणजे ट्रान्सफरच्या पुढचे शाफ्ट, क्रॉस, ॲक्सल या सगळ्यांवर तेवढाच जास्त ताण. जुन्या गाडीचे ॲक्सल स्प्लाइनजवळ पिळलेले मी पाहिलेत. रेशोच बदलायचा तर क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरची जोडी) बदला की.

गिअरकटर (कुपवाड)

प्रीतिसंगम, मूळ टायरवर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. म्हणूनच वर टायरचं गणित मांडलं. यांच्या गाडीला ३३६० होणार नाहीत. टायरनं १० टक्के फेऱ्या आधीच खाल्ल्यात.

क्राउन-पिनियनचा सल्ला मात्र पटत नाही. ते बदलायचं तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही हाऊसिंगचं बदलावं लागतं, तेही नेमक्या सारख्या रेशोचं. एकाच टोकाला बदललं तर फोर व्हील टाकल्याक्षणी पुढचं मागच्याशी भांडायला लागतं, कारण मध्ये फेऱ्यांचा फरक सोसणारं डिफरन्शियल नाही. त्या भांडणात आधी टायर घासतात, मग काहीतरी तुटतं. ट्रान्सफर बदलला तर दोन्हीकडं जाणारी ओढ सारखीच बदलते, पुढच्या-मागच्याचं नातं बिघडत नाही. शिवाय क्राउन-पिनियन बसवणं म्हणजे शिम लावा, डायल गेजनं प्ले मोजा, निळं लावून दात कुठं टेकतात ते बघा. आमच्याकडं रोजचं काम आहे, तरी नको वाटतं. गावातल्या गॅरेजमध्ये तर नकोच.

ॲक्सलच्या ताणाचा मुद्दा खरा आहे. मोठा टायर आणि जास्त ओढ हे दोन्ही मिळून तो वाढतो. क्लच झटक्यात सोडायची सवय असेल तर ४१०चा केस घालू नका. क्लच वाचेल, ॲक्सल जाईल.

माणदेशी (म्हसवड)

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्याकडं २१५/७५ आहेत, मी काय करू?

गिअरकटर (कुपवाड)

२१५/७५चा व्यास ७०३ मिमी, पाच टक्के मोठा. काही करू नका. प्लग आणि क्लच बघून घ्या.

घाटवेडा (सातारा)

सगळ्यांचे आभार. तात्या, आज संध्याकाळी पहार घेऊन गाडीखाली जातो.

गिअरकटरताई, एक अडाणी प्रश्न. भंगारात पडलेला केस ४१०चा की किंगचा, हे ओळखायचं कसं? बाहेरून मला दोन्ही सारखेच दिसणार.

गिअरकटर (कुपवाड)

अडाणी कसला, कामाचा प्रश्न हाच आहे. रंग, शिक्का, गाडीचा नंबर, विकणाऱ्याची शपथ, यातल्या कशावरही जाऊ नका. ही केसेस गेली पस्तीस वर्षं या गाडीतून त्या गाडीत फिरतायत. फिरवून मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

सोबत एक खडू न्या. केस लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा. लिव्हर टू-एचवर (फक्त मागची चाकं, हाय). गिअरबॉक्सकडून शाफ्ट येतो त्या फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडायची तबकडी) एक खूण, मागच्या चाकांकडं जाणाऱ्या फ्लँजवर दुसरी, आणि दोन्हींच्या समोर केसच्या अंगावर एकेक रेघ. आता मागचा फ्लँज बरोबर दहा वेळा फिरायला पाहिजे, आणि तेवढ्यात गिअरबॉक्सकडचा फ्लँज किती फिरला ते दुसऱ्या माणसानं मोजायचं. १४ फेऱ्या होऊन खूण रेघेच्या किंचित पुढं गेली तर किंगचा. पावणेसोळाच्या वर गेली तर ४१०चा. दोन-अडीच फेऱ्यांपर्यंत मोजून थांबू नका, तिथं फरक डोळ्याला फसवतो. दहा पुऱ्या करा.

मग लो टाकून परत. किंगचा साडेबावीसच्या जरा वर, ४१०चा पंचवीस. हाय एका जातीचा आणि लो दुसऱ्या जातीचा आला तर आत कुणीतरी खिचडी केलीये, तो घेऊ नका.

हे करताना कान आणि हात उघडे ठेवा. फिरवताना एका ठरावीक जागी खडखड लागली तर बेअरिंगला खड्डा किंवा दाताचा टवका. फ्लँज धरून वर-खाली हलवा. टू-एचमध्ये पुढचा फ्लँज ओढीनं फिरता कामा नये, फोर-एचमध्ये दोघं बरोबर फिरले पाहिजेत. आणि फ्लँजच्या भोकांची मापं व्हर्निअरनं घ्या, भोकाचं आणि समोरासमोरच्या भोकांमधल्या अंतराचं. तुमच्या शाफ्टची मापं आधीच लिहून न्या.

कृष्णाकाठ (सांगली)

यात आमच्या गावची एक भर घाला. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, २०२१ला परत पूर. कित्येक गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या, आणि पुढं त्या सुट्या होऊन विकल्या गेल्या. बाहेरून कॉस्टिकनं धुऊन, सिल्व्हर मारून ठेवलेला केस नव्यासारखा दिसतो. ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून), सीलमधून पाणी आत गेलेलं असतं. नुसतं तेल बदलून विकतात.

खालचा ड्रेन प्लग उघडायला सांगा. तेल चहासारखं दुधी आलं तर सरळ उठा. तेलच नसेल तर भोकात बोट घालून फिरवा, तांबूस पूड बोटाला लागते का बघा. लिव्हर काढू दिला तर टॉर्च मारून गिअरच्या दातांवर पाण्याच्या रेषेचा डाग दिसतो का तेही बघा. पाणी जिथपर्यंत साचलं होतं तिथं दातांवर गंजाची आडवी ओळ उमटलेली असते. लिव्हर काढू देणार नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

घाटवेडा (सातारा)

सांगलीला जाऊन आलो. कृष्णाकाठ सोबत होते, त्यांचे आभार, भडंगाचेही.

१९८९चा म्हणून दाखवलेला केस खाली घेतला, खडू मारला, मी मागचा फ्लँज फिरवतोय आणि कृष्णाकाठ मोजतायत. आजूबाजूचे चार जण कामं सोडून बघायला आले. दहा पुऱ्या झाल्या तेव्हा आकडा आला चौदा आणि वर थोडं. परत केलं, तेच. विकणारा म्हणाला, साहेब, गाडी ८९चीच होती, नंबरप्लेट दाखवतो. नंबरप्लेट खरंच दाखवली.

गिअरकटर (कुपवाड)

गाडी ८९ची असेलही. मधे कधीतरी कुणीतरी किंगचा केस घातला असणार, हायवेला बरा पडतो म्हणून. तुमच्या उलट दिशेचा प्रवासी.

विलीजतात्या (खटाव)

नंबरप्लेट गाडीची आसती, केसची न्हाई.

घाटवेडा (सातारा)

पुढचं सांगतो. विट्याकडं एका बागायतदाराची ४१० गोठ्यामागं उभी होती. इंजिन बसलेलं, बॉडी सडलेली, पण पुराचं पाणी कधी लागलेलं नाही. गाडीखाली झोपूनच मोजलं, मागचे दोन्ही टायर उचलून आणि आखूड शाफ्ट सोडवून. मागच्या शाफ्टच्या दहा फेऱ्यांना पंधरा आणि पाऊणच्या पुढं. लोला पंचवीस. तेल काळंकुट्ट पण स्वच्छ, दुधी नाही. व्यवहार केला. किती ते विचारू नका, घरी कळेल.

दरम्यान तात्यांच्या पहारीनं निकाल दिलाय. माझ्या गाडीच्या केसचं एक रबर पूर्ण फाटलेलं आणि दुसरं चिरलेलं. पहार लावली की केस चांगला बोटभर सरकतो. म्हणजे लिव्हरचा दोष बहुतेक तिथंच.

प्रीतिसंगम (कराड)

मग रबरं बदला आणि थांबा. अजून वेळ गेलेली नाही.

घाटवेडा (सातारा)

लिव्हर थांबेल हो, ओढीचं काय? शेताच्या चढाला तुम्ही ढकलायला येणार का?

प्रीतिसंगम (कराड)

जेवण असेल तर येतो.

वळवाचा_पाऊस (वाई)

मधेच विचारतो. आरटीओला हे चालतं का? माझ्या गाडीचं पासिंग जवळ आलंय.

गिअरकटर (कुपवाड)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा सूर असा की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार मालकानं करायचा नाही. आरसीवर इंजिन आणि चेसिसचा नंबर असतो, ट्रान्सफरचा नसतो. पण इथल्या प्रतिसादावर पासिंगला जाऊ नका. पासिंगला आधी नजर टायरवर जाते, बॉडीबाहेर आलेला टायर लांबून दिसतो. तुमच्या आरटीओत आधी विचारा.

घाटवेडा (सातारा)

केस बसला. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

काढताना शाफ्ट आणि फ्लँज दोन्हींवर पांढऱ्या रंगानं खुणा केल्या, म्हणजे परत त्याच कोनात बसतील. आखूड शाफ्ट, मग पुढचा, मग मागचा. मीटरची केबल, फोर व्हीलच्या दिव्याची वायर, लिव्हर. मग खाली जॅकवर फळी ठेवून त्यावर केस टेकवला आणि तिन्ही पायांचे बोल्ट काढले. एकट्यानं छातीवर घ्यायच्या फंदात पडू नका, वजन आहे.

दोन्ही केस शेजारी ठेवले तर माझ्या दोन केसांत पायांची जागा तंतोतंत. फ्लँज मात्र वेगळे. जुन्या केसची भोकं बारीक आणि जवळ, माझ्या शाफ्टची मोठी. मिस्त्री म्हणाले भोकं रुंद करून घेऊ लेथवर. ते नको म्हटलं, कारण भोक एका बाजूला सरकलं की शाफ्ट आयुष्यभर थरथरणार. त्याऐवजी माझ्या केसचे तिन्ही फ्लँज काढले आणि ४१०च्या शाफ्टवर चढवून बघितले. स्प्लाइन जुळल्या, हातानं सरकत गेले. मधला नट इतका आवळलेला होता की पान्याला चार फुटी पाइप लावावा लागला. फ्लँज निघालेच होते म्हणून तिन्ही ऑइल सील नवीन टाकले. जुन्या सीलच्या ओठानं फ्लँजच्या गळ्यावर नखाला लागेल अशी चर पाडलेली होती. तिथं नवीन सील अगदी त्याच जागी न ठोकता किंचित आत बसवलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागी टेकतो. ही युक्ती आमच्या मिस्त्रींची, आणि ती सोन्यासारखी आहे.

मीटरचा गिअर: दोन्ही केसचे काढून दाते मोजले, वेगळे निघाले, म्हणून माझा जुना घातला. तिन्ही रबरं नवी. तेल ८०डब्ल्यू-९०, वरच्या प्लगच्या भोकातून ओघळेपर्यंत.

आता चालवून कसं वाटतं. यवतेश्वर घाट परत तिसऱ्यावर. पाचवा गिअर कोडोलीपासून पुढं सपाटीला चालतो, आधी चालत नव्हता. आवाज वाढलाय का, तर थोडा वाढलाय, पण तो जुन्या बेअरिंगचा की रेशोचा हे सांगता येत नाही. शेताच्या चढाला लो-फर्स्टवर गाडी एक्सलेटर न देता रांगते. क्लचचा वास नाही. उतरताना एक्सलेटर सोडून बघितला, मुद्दाम, आधी छोट्या उतारावर आणि मग मोठ्या. लिव्हर जागचा हलला नाही. तात्या, पेढे सातारचेच पाठवतो.

मीटर: मोबाइलवरच्या जीपीएसला ६६ असताना काटा ६०वर.

गिअरकटर (कुपवाड)

उत्तम. मीटरचा फरक केसमुळं नाही, टायरमुळं. केबल रिडक्शन झाल्यानंतरच्या शाफ्टवरून निघते, त्यामुळं केसचा रेशो बदलला तरी मीटरला कळत नाही. टायर १० टक्के मोठा, म्हणून काटा तेवढा मागं. याचा दुसरा अर्थ, किलोमीटरही १० टक्के कमी मोजले जातायत. ॲव्हरेज काढताना तेवढे मिळवा, नाहीतर 'नवीन ट्रान्सफर पेट्रोल पितो' म्हणून दुसरा धागा काढाल. आणि हायवेला काटा ८०वर असेल तेव्हा तुम्ही ८८नं चाललेले असता.

थोडी चालवली की फ्लँजचे आणि पायांचे सगळे बोल्ट परत आवळा. नवी रबरं बसतात आणि बोल्ट ढिले पडतात.

डांबरप्रेमी (पुणे)

आता काय, कासला चिखलात गाडी घाला आणि व्हिडिओ टाका!

घाटवेडा (सातारा)

पठारावर गाडी घालणाऱ्याला आम्ही सातारकरच आधी धरतो. २०१२पासून ते जागतिक वारशात आहे, आणि नसतं तरी फुलांवरून चाक नेणार नाही. गाडी शेतासाठी आहे.

विलीजतात्या (खटाव)

शाब्बास. आन् डांबरावर फोर व्हील लावून हिंडू नगा. वळणाला पुढची-मागची चाकं येगयेगळी फिरत्यात, मधी सोडवणारं कुणी न्हाई. चिखलातनं वर आला की टू-एच.

माणदेशी (म्हसवड)

घाटवेडा, तुमचा काढलेला किंगचा केस विकायचा आहे का? आमच्याकडं एकाची ४१० आहे, त्याला हायवेसाठी हवाय. त्यानं इंजिन १.३चं घातलंय.

घाटवेडा (सातारा)

केस चांगला आहे, पण फ्लँज नाहीत, ते माझ्या गाडीवर आहेत. ४१०चे जुने फ्लँज देऊ शकतो. त्याच्या गाडीचे शाफ्ट मूळ ४१०चेच असतील तर उलट तेच बसतील. भोकांची मापं घेऊन व्यनि करायला सांगा. आणि टायर कोणते आहेत तेही विचारा, नाहीतर ताई आधी गणित मागतील.

माणदेशी (म्हसवड)

२०५/७०च आहेत. व्यनि केलाय.

गिअरकटर (कुपवाड)

मग चालेल. खडू मात्र त्यालाही घेऊन यायला सांगा.